हॅन्सीवर कोणाचा विश्वास होता?

१९ मार्च २००० रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीए मैदानावर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातला पाचवा एकदिवसीय सामना झाला. मालिका भारतानं आधीच खिशात घातली होती, त्यामुळे निकालाला तसा अर्थ उरला नव्हता. आफ्रिकेनं ३२० धावा केल्या, भारत दहा धावांनी कमी पडला आणि चुरशीची मॅच बघायला मिळाली एवढ्यावर लोक खूश होते. हर्शेल गिब्जनं ७४ धावा कुटल्या. हेन्री विल्यम्स या नवख्या गोलंदाजानं जेमतेम अकरा चेंडू टाकले आणि खांदा दुखावल्यामुळे तो बाहेर गेला. धावफलकात एवढीच नोंद आहे. सकाळी हॉटेलात ठरलं होतं ते वेगळंच. गिब्जनं वीसच्या आत बाद व्हायचं, विल्यम्सनं आपल्या दहा षटकांत पन्नासच्या वर धावा द्यायच्या आणि संघानं २७०च्या पुढे जायचं नाही. हा प्रस्ताव घेऊन दोघांकडे आला होता त्यांचाच कर्णधार, हॅन्सी क्रोनिए. प्रत्येकाला १५,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेसहा लाख रुपयांच्या आसपास. बुकीनं प्रत्यक्षात माणशी २५,००० देऊ केले होते. मधले दहा-दहा हजार कर्णधाराच्या खिशात जाणार होते. दोघंही हो म्हणाले. पुढे गिब्जची बॅट एकदा चालायला लागली ती थांबली नाही, विल्यम्सचा खांदा गेला, आणि ठरलेल्यातलं काहीच घडलं नाही.

विदर्भातल्या वाचकाला खायवाडी म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पण या प्रकरणात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सट्टेबाजाला सामना हरवून हवा असतो असं नाही. एकूण धावा किती होतील, अमुक फलंदाज किती करेल, पंधरा षटकांत किती होतील, या सगळ्यावर वेगवेगळे भाव निघतात आणि त्यातला एक आकडा जरी आधी कळला तरी बुकीचं काम होतं. ‘मी देशासाठी हरायला कधीच खेळलो नाही’ असा बचाव करणाऱ्या खेळाडूला यामुळे स्वतःचीही समजूत घालता येते. क्रोनिएचा बचाव शेवटपर्यंत याच वळणाचा राहिला.

दिल्ली पोलिसांची गुन्हे शाखा त्या दिवसांत एका खंडणी प्रकरणात काही फोन ऐकत होती. त्यातल्या एका फोनवर लंडनमधला संजय चावला दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराशी बोलताना सापडला. ७ एप्रिलला पोलिसांनी पत्रकार परिषद घेतली आणि संभाषणाचं लेखी टिपण पत्रकारांच्या हाती दिलं. पुढचे चार दिवस दक्षिण आफ्रिकेत जे झालं त्यासाठी हे प्रकरण आजही अभ्यासण्यासारखं आहे. क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांनी क्रोनिएच्या सचोटीबद्दल जाहीर ग्वाही दिली. सरकारी पातळीवर भारताकडे विचारणा झाली, ती फोन चोरून ऐकल्याबद्दल. डर्बनच्या पत्रकार परिषदेत क्रोनिएनं सगळं साफ नाकारलं. रेडिओवर फोन करणाऱ्या श्रोत्यांनी, स्तंभलेखकांनी आणि माजी खेळाडूंनी प्रश्न विचारले ते मुख्यतः दिल्ली पोलिसांना: हे पोलीस कोण, त्यांच्या शब्दाला किंमत किती, भारतात तर सगळंच विकत मिळतं ना? मग ११ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास क्रोनिएनं बाकर यांना फोन केला आणि आपण पूर्ण खरं बोललो नव्हतो असं सांगितलं. त्याच दिवशी त्याचं कर्णधारपद गेलं.

माझं म्हणणं असं की या चार दिवसांतला अविश्वास हा पुराव्याबद्दलचा अविश्वास नव्हता. पुरावा तोवर फारसा कोणी पाहिलाच नव्हता. तोलली जात होती ती आरोप करणाऱ्याची पत, आणि ती तोलण्याची वजनं फार जुनी होती. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात ऊसमळ्यांवर राबायला १८६० पासून हिंदी मजूर नेले गेले, तेव्हापासून तिथला गोरा समाज ‘हिंदी माणूस’ म्हटलं की दुकानदार, मध्यस्थ, भावात घासाघीस करणारा अशी एक ठरावीक प्रतिमा बाळगून होता. त्यात क्रोनिएची चावलाशी गाठ घालून देणारा हमीद कासिम हा जोहान्सबर्गचा भारतीय वंशाचा मिठाईवाला निघाला, आणि ती प्रतिमा आपोआप पक्की झाली. दुसरीकडे वर्णद्वेषी राजवटीशी व्यापारी संबंध तोडणारा पहिला देश भारत, तोही स्वातंत्र्याआधी, १९४६ मध्ये. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम फेरी समोर असताना भारतीय टेनिसपटू दक्षिण आफ्रिकेशी खेळले नाहीत आणि चषक त्यांना बहाल झाला. बहिष्कार उठल्यावर नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांच्या क्रिकेट संघाचं पहिलं स्वागत झालं ते कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. म्हणजे ज्या देशानं त्यांना आधी वाळीत टाकलं आणि मग पहिल्यांदा पंगतीला बसवलं, त्याच देशाच्या एका पोलीस निरीक्षकानं आता त्यांच्या सर्वांत सोज्वळ माणसावर बोट ठेवलं होतं.

अशा वेळी सगळ्यांना आठवतो तो ओ. जे. सिम्पसनचा खटला. अमेरिकन फुटबॉलचा हा कृष्णवर्णीय नायक, पूर्वाश्रमीची पत्नी आणि तिचा मित्र यांच्या खुनाच्या आरोपातून ३ ऑक्टोबर १९९५ रोजी सुटला. बहुसंख्य गोरे तो दोषी आहे असं मानत होते, बहुसंख्य काळे निकाल योग्य मानत होते. वरवर पाहता दोन्ही देशांत एकच गोष्ट घडली: आपला माणूस म्हणून लोक मागे उभे राहिले. मला ही तुलना अर्धीच पटते. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९९१ मध्ये रॉडनी किंगला रस्त्यावर मारहाण केल्याचं चित्रण जगानं पाहिलं होतं आणि तरी पुढच्या वर्षी ते पोलीस सुटले होते. सिम्पसनच्या खटल्यातला एक महत्त्वाचा तपास अधिकारी, मार्क फर्मन, ध्वनिफितीत काळ्यांबद्दल घाणेरडे शब्द वापरताना ऐकू आला. तिथल्या काळ्या माणसाचा पोलिसांवरचा अविश्वास अंगावर उमटलेल्या वळांतून आला होता. खटल्यानंतर वीस वर्षांनी झालेल्या सर्वेक्षणात बहुसंख्य काळ्यांनीही सिम्पसननं खून केले असावेत असं म्हटलं. म्हणजे १९९५ मध्ये त्यांनी तोललं होतं ते पोलीस खातं. सिम्पसनच्या निर्दोषत्वाची हमी त्यांनी घेतली नव्हती. ब्लूमफाँटेनच्या किंवा प्रिटोरियाच्या गोऱ्या माणसाला दिल्ली पोलिसांचा असा कोणता अनुभव होता? काहीच नव्हता. त्याच्या अविश्वासाला इतिहास होता, पण तो वरून खाली पाहणाऱ्याचा. दोन्ही अविश्वासांना एकाच मापानं मोजलं तर सोसलेलं आणि गृहीत धरलेलं यातला फरकच पुसला जातो. शिवाय आपल्या पोलिसांच्या तपासाबद्दल खुद्द भारतीयांच्या मनात शंका कमी नसतात आणि त्या सकारण असतात. म्हणून दिल्ली पोलिसांवर प्रश्न विचारणं मुळातच चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. प्रश्न विचारण्याआधीच उत्तर ठरलेलं होतं, हे खटकतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. त्या चार दिवसांत क्रोनिएच्या बाजूनं बोलणारे सगळे गोरे नव्हते. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष पर्सी सन मिश्रवंशीय समाजातले होते. विचारणा करणारं सरकार आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं होतं, ज्या पक्षानं वर्णद्वेषाशी अर्धं शतक झुंज दिली. तेव्हा याला वंशाचा रंग देण्यापेक्षा साधा देशाभिमान किंवा नायकपूजा म्हणावं, असं हा आक्षेप सांगतो. आपल्याकडेही वेगळं काय झालं? त्याच वर्षी कपिलदेववर आरोप झाले, तो दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत रडला आणि अर्धा देश त्याच्याबरोबर हळहळला. त्याच्यावरचे आरोप पुढे सिद्ध झाले नाहीत. नायकपूजेचा हा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्या चार दिवसांपुरता तो बराचसा खराही आहे. पण नायकपूजा ‘आमचा माणूस असं करणार नाही’ एवढंच सांगते. ‘ते लोक खोटंच बोलणार’ हे वाक्य तिला लागत नाही. ते दुसरीकडून येतं. दुसरं असं की देशाभिमानानं बांधलेली मोट कबुलीनंतर सुटायला हवी होती: कर्णधारानं देशाला फसवलं, तर देशानं एकमुखानं रागवायचं. मोट सुटली खरी, पण राग सगळीकडे सारखा पसरला नाही. खरी फूट दिसली ती कबुलीनंतर, आणि तिचं केंद्र पुन्हा नागपूरच होतं.

क्रोनिएनं नागपुरात निवडलेले दोघंही मिश्रवंशीय होते. वर्णद्वेषी राजवटीनं या समाजाची वेगळी नोंद ठेवली होती. गोऱ्यांच्या खाली, काळ्यांच्या वर आणि दोन्हींकडून परका. केप टाऊनचा गिब्ज उच्चभ्रू शाळेत शिकलेला, विलक्षण गुणवान आणि तितकाच अल्लड. विल्यम्स बोलंडकडचा, तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला. गोऱ्या कर्णधारानं पाप करायला सावळे हात शोधले, अशी टीका दक्षिण आफ्रिकेत लगेच झाली. ती तपासून पाहिली तर अर्धीच टिकते. याच दौऱ्यात बंगळुरू कसोटीच्या आधी त्यानं जॅक कॅलिस, मार्क बाऊचर आणि लान्स क्लुसनर यांच्याकडे विषय काढला होता. तिघं गोरे, तिघांनी तो थट्टेवारी नेला. मुंबई कसोटीच्या वेळी पीटर स्ट्रायडमला विचारलं, तोही गोरा, त्यानं नकार दिला. म्हणजे क्रोनिएनं कातडी पाहून माणसं निवडली असं पुराव्यानं म्हणता येत नाही. त्याच्या मनात काय होतं याचा निवाडा करायला मी धजावणार नाही.

पण कॅलिसला कर्णधाराचं बोलणं थट्टेवारी नेता आलं आणि विल्यम्सला का आलं नाही, हे विचारायला मनात शिरावं लागत नाही. कॅलिसची जागा संघात पक्की होती. विल्यम्सची नव्हती. आणि त्या काळच्या दक्षिण आफ्रिकेत जागेच्या या असुरक्षिततेला रंग होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध जोहान्सबर्ग कसोटीत अकराही खेळाडू गोरे उतरवले गेले आणि देशात गदारोळ झाला. नेल्सन मंडेलांच्या राजवटीच्या पाचव्या वर्षी समोर काळ्या खेळाडूंचा संघ आणि आपल्याकडे एकही नाही! त्यानंतर संघात गोरेतर खेळाडू हवेतच असा आग्रह सुरू झाला. या धोरणाची गरज होती असं मला वाटतं, पण त्याचा एक वाईट परिणाम खेळाडूंच्या वाट्याला आला: गोरेतर खेळाडू कितीही चांगला असला तरी ‘कोट्यातला’ ही कुजबुज त्याच्या मागे लागली. राखीव जागेवरून डॉक्टर झालेल्या मुलाला आपल्याकडे गुणवत्तेवरून जे टोमणे ऐकावे लागतात, ते आठवले की हा मुद्दा मराठी वाचकाला वेगळा समजवावा लागणार नाही. अशा खेळाडूच्या खोलीत सामन्याच्या सकाळी कर्णधार हसत येतो आणि एक गोष्ट मागतो. त्याला नाही म्हणणं कॅलिसला एका हसण्याइतकं स्वस्त होतं. विल्यम्सला तेवढं नव्हतं. स्ट्रायडमही नवखाच होता आणि तरी त्यानं नकार दिला, ही गोष्ट माझ्या युक्तिवादाला थोडी अडचणीची आहे, ती लपवत नाही. असुरक्षित माणूस हो म्हणतोच असं नाही. आणि गिब्ज-विल्यम्सचा दोष यामुळे पुसला जात नाही. त्यांनी पैशाला हो म्हटलं होतं आणि गिब्ज आधी खोटंही बोलला होता.

न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगासमोर जून २००० मध्ये केप टाऊनला सुनावणी झाली तेव्हा हे सगळं उघड झालं. आयोगाच्या बाजूनं क्रोनिएची उलटतपासणी घेत होत्या शमीला बटोही, डर्बनच्या भारतीय वंशाच्या वकील, ज्या पुढे २०१९ मध्ये त्या देशाच्या राष्ट्रीय सरकारी अभियोक्ता संचालक झाल्या. आफ्रिकानेर कर्णधार उत्तरं देतोय आणि भारतीय वंशाची स्त्री प्रश्न विचारतेय, हे दृश्य दहा वर्षांपूर्वी कल्पनेतही शक्य नव्हतं. मनगटावर ‘येशू असता तर त्यानं काय केलं असतं’ या अर्थाच्या अक्षरांची पट्टी बांधणाऱ्या या कर्णधारानं सैतानाच्या नादी लागल्याचं सांगितलं, चार वर्षांत लाखभर डॉलरहून जास्त पैसे घेतल्याचं मान्य केलं आणि सुनावणीच्या शेवटी तो ढसाढसा रडला. पूर्ण खरं सांगितलं तर फौजदारी कारवाई होणार नाही असं त्याला आधीच सांगण्यात आलं होतं. हा साचा त्या देशाला ओळखीचा होता. डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर छळ आणि खून करणाऱ्यांनीही कबुली देऊन माफी मिळवली होती. क्रोनिएच्या समाजाला क्षमेची ही भाषा अवगत होती, चर्चमधून आणि या आयोगातूनही, आणि त्यांनी ती उदारपणे वापरली. ऑक्टोबर २००० मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली, १ जून २००२ रोजी जॉर्जजवळच्या डोंगरात मालवाहू विमान कोसळून तो बत्तिसाव्या वर्षी गेला, आणि ब्लूमफाँटेनच्या ग्रे कॉलेजात, म्हणजे त्याच्या शाळेतच, लोकांनी त्याला गर्दीनं निरोप दिला. गिब्ज आणि विल्यम्स यांना सहा महिन्यांची बंदी आणि दंड झाला. गिब्ज पुढे दहा वर्षं खेळला. विल्यम्स देशासाठी पुन्हा कधीच खेळला नाही.

क्षमा कोणी केली याचं मोजमाप कठीण, पण २००४ मध्ये एक चमत्कारिक नोंद मिळाली. सरकारी दूरचित्रवाणीनं ‘महान दक्षिण आफ्रिकन’ निवडायला लोकांची मतं मागवली. यादीत मंडेला पहिले, गांधीजी चौथे, हॅन्सी क्रोनिए अकरावा. स्टीव्ह बिको, जो १९७७ मध्ये पोलीस कोठडीत झालेल्या मारहाणीनं मेला, तेरावा. वर्णद्वेषाचा शिल्पकार हेन्ड्रिक व्हेरवूर्ड एकोणिसावा. या यादीवरून अख्खा देश क्रोनिएला बिकोच्या वर मानतो असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. फोन आणि इंटरनेट ज्यांच्या हाताशी होतं त्यांची मतं त्यात जास्त पडली आणि ओरड झाल्यावर कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. यादी देशाचं मत सांगत नाही. क्षमेच्या बाजूचे लोक कुठल्या थरातले होते ते मात्र सांगते.

या सगळ्याकडे नागपुरात बसून पाहताना ‘तिकडचे लोक असे’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण आपल्याकडेही मुंबईची चौरंगी आणि पंचरंगी स्पर्धा १९४६ पर्यंत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन अशा धर्मवार संघांत खेळली जात होती, आणि बाळू पालवणकरांसारख्या गोलंदाजाला ‘हिंदूं’च्या संघाचं कर्णधारपद जातीमुळे मिळालं नाही, ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ मध्ये मिळालं. क्रोनिएनं आयोगासमोर महंमद अझरुद्दीनचं नाव घेतलं, सीबीआयनं चौकशी केली आणि डिसेंबर २००० मध्ये अझरवर आजन्म बंदी आली. आपण अल्पसंख्याक असल्यामुळे आपल्याला लक्ष्य केलं जातंय, असं तो मध्यंतरी बोलून गेला आणि टीका झाल्यावर मागे सरला. दोन्ही बाजूंना हे वाक्य सोयीचं होतं: काहींना तो बळी वाटला, काहींना हे वाक्यच त्याच्या अपराधाचा पुरावा वाटलं. शिक्षांची यादी पाहिली तर दोघांचंही पूर्ण जुळत नाही. अजय शर्मावरही आजन्म बंदी आली, अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांना पाच-पाच वर्षं मिळाली. जडेजाची बंदी दिल्ली उच्च न्यायालयानं २००३ मध्ये उठवली, अझरची आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये. म्हणजे धर्म पाहून शिक्षा झाली असं यादी सांगत नाही. पण सुटकेसाठी एकाला दोन-अडीच वर्षं लागली आणि दुसऱ्याला बारा, हेही तिच्यात लिहिलेलं आहे, आणि त्यामागे आरोपांचं गांभीर्य किती, वकिलांची चाल किती, हे वेगळं काढावं लागतं.

मधल्या काळात, बंदी कायम असतानाच, हैदराबादचा अझर २००९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादहून काँग्रेसच्या तिकिटावर खासदार झाला. मुरादाबादेत मुसलमान मतदार मोठ्या संख्येनं आहेत, त्यामुळे आपल्या माणसाला आपल्या लोकांनी माफ केलं असा सरळ अर्थ तेव्हा लावला गेला. पण एकट्या धर्मावर अझर जिंकला असता तर पक्षानं पाच वर्षांनी त्याला मतदारसंघ बदलून दिला नसता. २०१४ मध्ये तो राजस्थानातल्या टोंक-सवाई माधोपूरहून उभा राहिला आणि हरला, ज्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार देशभर, सगळ्या जातिधर्मांचे, पडत होते.